कल्चरला पाठवलंय!

"कल्चरला पाठवलंय, रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतील." सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डात सकाळच्या राउंडला हे वाक्य रोज ऐकू येते. नातेवाईक मान हलवतात. पण त्यांच्या डोळ्यांसमोर नेमके काय येते, हे विचारायला तिथे कोणालाच सवड नसते. कॉलेजात जाणाऱ्या मुलीला कल्चर म्हटले की गॅदरिंगचा 'कल्चरल प्रोग्राम' आठवतो. पुण्यात आयटी कंपनीत काम करणाऱ्या तिच्या भावाला 'वर्क कल्चर' ठाऊक असते. रावेर-यावलकडचा शेतकरी असेल तर त्याला टिश्यू कल्चरची केळीची रोपे दिसतात, आणि सोयाबीन पेरणाऱ्याला बियाण्याला चोळायचे रायझोबियम कल्चरचे पाकीट. मग आजोबांच्या लघवीची बाटली 'कल्चरला' जाते म्हणजे तिचे काय होते?

गंमत अशी की या सगळ्यांत शब्दाच्या मूळ अर्थाच्या सर्वांत जवळ आहे तो शेतकरीच. लॅटिन भाषेत 'कोलेरे' म्हणजे जमीन कसणे, मशागत करणे, निगा राखणे. ॲग्रिकल्चर हा शब्द त्यातूनच आला. रोमन वक्ता सिसेरो याने इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात हाच शब्द मनाला लावला: शेत नांगरल्याशिवाय पिकत नाही, तसे मनही मशागतीशिवाय फळत नाही, असा त्याचा आशय. पुढे शब्दाची व्याप्ती वाढत गेली. 1871 साली एडवर्ड टायलर या इंग्रज मानववंशशास्त्रज्ञाने संस्कृतीची जी व्याख्या केली तीत ज्ञान, श्रद्धा, कला, नीती, कायदा, रूढी आणि समाजात राहून माणूस जे जे उचलतो ते सगळे आले. आणि जवळपास त्याच काळात युरोपातल्या प्रयोगशाळांत काचेच्या भांड्यांत जिवाणूंची 'शेती' सुरू झाली. तिलाही कल्चर हेच नाव पडले.

मराठीत मात्र या दोन अर्थांना दोन वेगळे शब्द आहेत. समाजाची ती संस्कृती, जिवाणूंचे ते संवर्धन. बंगालीत एकेकाळी कल्चरसाठी 'कृष्टी' हा शब्द चालत असे. तो नांगरणे या अर्थाच्या 'कृष्' धातूवरून आलेला. रवींद्रनाथ ठाकुरांना तो मुळीच आवडत नसे. त्यांनी 'संस्कृती' हा शब्द उचलून धरला. भाषाशास्त्रज्ञ सुनीतिकुमार चॅटर्जी यांनी हा शब्द आपल्याला एका महाराष्ट्रीय मित्राकडून मिळाल्याचे लिहून ठेवले आहे. म्हणजे बंगालच्या संस्कृतीला विरजण महाराष्ट्राने पुरवले म्हणायचे!

विरजण हा शब्द इथे सहज आला खरा, पण प्रयोगशाळेतले कल्चर समजून घ्यायला त्याच्यासारखा दुसरा दाखला नाही. कोमट दुधात चमचाभर विरजण घालून ते रात्रभर उबदार जागी ठेवले की सकाळी दही लागते. विरजणातले जिवाणू दुधातली साखर खाऊन वाढतात, आम्ल तयार करतात आणि दूध घट्ट होते. दूध फार गरम असेल तर जिवाणू मरतात, थंडीत वाढ मंदावते, भांडे स्वच्छ नसेल तर भलतेच जंतू वाढून दह्याला तार सुटते. खाद्य, ऊब, वेळ आणि स्वच्छता हे घरच्या गृहिणीचे चार नियम प्रयोगशाळेतही जसेच्या तसे लागू आहेत.

दूध डेअरीला घालणाऱ्यांना आणखी एक गोष्ट माहीत असते. कासेच्या दाहासाठी गाईला अँटिबायोटिकचे इंजेक्शन दिले असेल तर पुढचे काही दिवस तिचे दूध नीट विरजत नाही. दुधात उतरलेले औषध विरजणातल्या जिवाणूंना वाढू देत नाही. ही गोष्ट लक्षात असू द्यावी, पुढे ती पुन्हा लागणार आहे.

प्रयोगशाळेची गोष्टही स्वयंपाकघरातूनच जाते. जर्मनीतले रॉबर्ट कॉख हे रोगजंतू एकेकटे, शुद्ध स्वरूपात वाढवण्याच्या प्रयत्नात होते. सूपासारख्या पातळ द्रवात सगळे जंतू एकमेकांत मिसळतात; कोणता कोणता हे कळत नाही. म्हणून त्यांनी आधी उकडलेल्या बटाट्याच्या कापांवर जंतू वाढवून पाहिले, मग जिलेटिन वापरले. पण जिलेटिन शरीराच्या तापमानाला वितळते, आणि काही जंतू तर ते खाऊनच टाकतात. कॉख यांच्याकडे वॉल्थर हेस नावाचे डॉक्टर काम करत. उन्हाळ्यात त्यांच्या जिलेटिनच्या बशा पातळ होऊन जात, तेव्हा त्यांची पत्नी फॅनी हेस यांनी एक उपाय सुचवला. त्या घरी जेली आणि पुडिंग घट्ट करायला आगर वापरत. समुद्री शेवाळापासून मिळणारा हा पदार्थ आशियात पूर्वापार खाण्यात होता आणि जावा बेटावर राहून आलेल्या शेजाऱ्यांकडून त्यांना तो कळला होता. आगर एकदा गोठले की वितळायला ८० अंशांच्या वर तापवावे लागते, आणि बहुतेक जंतूंना ते पचत नाही. आपल्याकडे वाण्याच्या दुकानात 'चायना ग्रास' म्हणून पुडिंगसाठी जे मिळते तेच हे. 1881 साली दिलेली ही सूचना आज जगातल्या प्रत्येक सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळेत वापरात आहे. कॉख यांनी क्षयावरच्या आपल्या 1882 च्या लेखात आगरचा उल्लेख केला, फॅनी यांचा नाही. 1887 मध्ये कॉख यांचेच सहायक पेट्री यांनी झाकणाची उथळ काचेची बशी तयार केली. तिला मात्र त्यांचे नाव लागले.

कल्चरच्या दोन अर्थांची समोरासमोर गाठ पडली ती मुंबईत. 1896 च्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेगचे रुग्ण सापडले. सरकारने वाल्डेमार हाफकिन यांना बोलावले. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये मिळालेल्या अपुऱ्या जागेत त्यांनी प्लेगच्या जिवाणूंचे कल्चर वाढवायला घेतले. लस करायची तर जिवाणू भरपूर हवेत. हाफकिन यांनी मांसाच्या रस्स्यावर तुपाचे थेंब तरंगत सोडले. त्या थेंबांना धरून प्लेगचे जिवाणू खाली वाढू लागले, गुहेच्या छतावरून लोंबणाऱ्या चुनखडीच्या सुळक्यांसारखे. फ्लास्क हलवला की सुळके तळाशी पडत आणि वर नवे वाढत. मग उष्णता देऊन जिवाणू मारायचे आणि लस भरायची. रस्स्यासाठी त्यांनी गाईचे किंवा डुकराचे मांस टाळून बोकडाचे वापरले, कारण ही लस हिंदू आणि मुसलमान दोघांनाही टोचून घ्यायची होती. 10 जानेवारी 1897 रोजी त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली.

त्याच वर्षी पुण्यात काय घडले ते मराठी वाचकाला सांगायला नको. रोग्यांच्या शोधात गोरे सोजीर लोकांच्या स्वयंपाकघरात आणि देवघरात शिरत, अशा तक्रारी गावभर होत्या. 22 जून 1897 च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. साथ तीच, जंतू तोच. एकाने लोकांच्या चालीरीती पाहून रस्सा बदलला, दुसऱ्या ठिकाणी त्या पायदळी तुडवल्या गेल्या. लसीला विरोध मुंबईतही झाला, अफवाही उठल्या; पण लस घ्यायला पुढे आलेले लोकही हजारोंनी होते. परळची आजची हाफकिन संस्था त्या प्रयोगशाळेचीच पुढची पायरी.

आता आजोबांच्या बाटलीकडे येऊ. लघवीचा नमुना प्रयोगशाळेत पोचला की त्याचा ठरावीक, अगदी थोडा अंश तारेच्या कडीने आगरच्या बशीवर रेघा ओढत पसरवतात आणि बशी साधारण ३५ ते ३७ अंशांच्या उबदार पेटीत रात्रभर ठेवतात. ई. कोलाय हा लघवीच्या संसर्गात सर्वाधिक आढळणारा जिवाणू पोषक वातावरणात सुमारे वीस मिनिटांत दुप्पट होतो. त्यामुळे संध्याकाळी डोळ्यांना न दिसणाऱ्या एका जिवाणूची सकाळपर्यंत टाचणीच्या डोक्याएवढी वसाहत झालेली असते. ती कोणाची हे ओळखायचे, मग दुसऱ्या बशीवर तिचा दाट थर देऊन वर वेगवेगळ्या अँटिबायोटिकच्या कागदी चकत्या ठेवायच्या. जे औषध चालते त्या चकतीभोवती जंतू वाढत नाहीत आणि स्वच्छ वर्तुळ दिसते. त्याचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजून रिपोर्टवर औषधापुढे 'एस' किंवा 'आर' लिहितात. एस म्हणजे जंतू या औषधाला बळी पडतो, आर म्हणजे दाद देत नाही. दोन-तीन दिवस लागतात ते यासाठी. कोणी फाइल दाबून ठेवलेली नसते. जंतूला वाढायला वेळ लागतो आणि त्याला घाई करता येत नाही.

क्षयाच्या बाबतीत तर संयमाची परीक्षाच असते. क्षयाचा जिवाणू दुप्पट व्हायला अठरा ते चोवीस तास घेतो. अंडी वापरून केलेल्या घट्ट माध्यमावर नकारात्मक रिपोर्ट द्यायला आठ आठवडे वाट पाहावी लागते, पातळ माध्यमाच्या यंत्रात सहा. आता जनुकीय चाचणीने दोन तासांत क्षय कळतो हे खरे, पण ती चाचणी मेलेल्या जंतूचाही अंश पकडते. उपचार घेत असलेल्या माणसाच्या थुंकीत जिवंत जंतू उरले आहेत का, हे कल्चरच सांगते. आणि काही जंतू अजूनही कोणत्याच बशीला बधलेले नाहीत. कुष्ठरोगाचा जिवाणू हॅन्सन यांनी 1873 मध्ये पाहिला. दीडशे वर्षे झाली, तो कृत्रिम माध्यमावर वाढवता आलेला नाही. त्यासाठी उंदराचे पंजे किंवा आर्माडिलो नावाचा खवलेवाला प्राणी लागतो. ज्या रुग्णांना समाजाने पिढ्यान्‌पिढ्या गावाबाहेर ठेवले, त्यांच्या शरीरातला जंतू बाहेर इतका दुबळा असतो!

रक्ताच्या कल्चरला नातेवाइकांची तक्रार वेगळी असते: "एवढं रक्त कशाला काढता?" मोठ्या माणसात एका बाटलीला आठ-दहा मिलिलिटर रक्त लागते, आणि दोन वेगवेगळ्या जागांहून काढावे लागते. कारण रक्तात जंतू शिरलेले असले तरी अनेकदा एका मिलिलिटरमध्ये एखादाच सापडतो. दोन थेंबांत तो हाती लागणार नाही. दोन जागा यासाठी की कातडीवरचा निरुपद्रवी जंतू सुईबरोबर बाटलीत गेला तर तो बहुधा एकाच बाटलीत वाढतो. दोन्हींत तोच निघाला तर मामला गंभीर.

पण सर्वांत मोठा घोटाळा होतो तो याच्याही आधी. रुग्ण आठ दिवसांच्या तापानंतर रुग्णालयात येतो. खिशात औषधांच्या रिकाम्या पट्ट्या असतात. एक मेडिकलवाल्याने दिलेली, एक शेजाऱ्याच्या घरी उरलेली, एक गल्लीतल्या डॉक्टरने बदलून दिलेली. मग रक्त कल्चरला जाते आणि रिपोर्ट येतो 'नो ग्रोथ'. घरच्यांना हायसे वाटते: जंतू नाहीत म्हणजे आजार नाही. इथे ते न विरजणारे दूध आठवावे. रक्तातल्या औषधाने जंतूंना बशीत वाढू दिले नाही, एवढाच त्या रिपोर्टचा अर्थ असू शकतो. शरीराच्या कोपऱ्यात, हृदयाच्या झडपेवर किंवा यकृतातल्या गळूत ते जिवंत असू शकतात. आता कोणते औषध द्यायचे हे अंदाजानेच ठरवावे लागते, आणि अंदाज चुकण्याची किंमत रुग्ण मोजतो. टायफॉइडमध्ये हे वारंवार दिसते. पहिल्या आठवड्यात, औषधाआधी घेतलेले रक्ताचे कल्चर निदान पक्के करते आणि औषधही सांगते. त्याऐवजी आपल्याकडे विडाल चाचणीच्या आकड्यांवर भिस्त ठेवली जाते, जी टायफॉइड नसतानाही पुष्कळदा पॉझिटिव्ह येते.

याचा अर्थ गंभीर रुग्णाचे औषध रिपोर्ट येईपर्यंत थांबवायचे असा अजिबात नाही. रक्तात जंतुसंसर्ग पसरून रक्तदाब घसरत असेल तर पहिला डोस तासाभरात जायलाच हवा. रक्त काढायला पाच मिनिटे लागतात. आधी बाटल्या भरायच्या, लगेच इंजेक्शन द्यायचे, आणि तिसऱ्या दिवशी रिपोर्ट पाहून औषध बदलायचे किंवा कमी करायचे. क्रम एवढाच.

हा क्रम बिघडतो तो समाजाच्या कल्चरमुळे. सर्दी-पडशाला अँटिबायोटिक लागत नाही हे सगळ्यांनी वाचलेले असते, तरी "डॉक्टर, काहीतरी स्ट्राँग द्या, उद्या ड्युटी आहे" असे म्हटले जाते. रोजंदारीवरच्या माणसाला तीन दिवस पडून राहणे परवडत नाही, हेही तितकेच खरे. आणि डॉक्टरही धुतल्या तांदळासारखे नाहीत. रुग्ण दुसरीकडे जाईल या भीतीने, किंवा तपासायला वेळ नाही म्हणून औषध लिहिले जाते. पाच दिवसांचा कोर्स दुसऱ्या दिवशी बरे वाटले की थांबतो आणि उरलेल्या गोळ्या फ्रिजवरच्या डब्यात जातात. 2014 पासून शेड्यूल एच-१ लागू आहे. त्यातली औषधे चिठ्ठीशिवाय देऊ नयेत आणि नोंदवहीत लिहावीत असा नियम आहे. नियम चांगला आहे, त्याचे पालन किती होते हे प्रत्येकाने आपल्या नाक्यावरच्या दुकानात पाहावे. कोंबड्यांच्या खाद्यात कोलिस्टिन हे अखेरच्या फळीतले औषध वापरले जात होते, त्यावर 2019 मध्ये बंदी आली.

या सवयींचा रिपोर्ट प्रयोगशाळेत लागतो. एकेका रुग्णाच्या कागदावर आरच्या ओळी वाढत जातात. 2019 या एका वर्षात जगभरात सुमारे 12 लाख 70 हजार मृत्यू थेट औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे झाले, असा अंदाज 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला आहे.

टायलर यांच्या व्याख्येत संस्कृती म्हणजे रक्तातून न आलेले, समाजात राहून उचललेले शहाणपण. जिवाणूंतही याच्याशी मिळतेजुळते काही चालते. 1950 च्या दशकात जपानमध्ये आमांशाचे जिवाणू एकाच वेळी अनेक औषधांना दाद देईनासे झाले. शोध घेता कळले की प्रतिकाराची जनुके प्लाझ्मिड नावाच्या छोट्या वर्तुळाकार तुकड्यांवर असतात, आणि एक जिवाणू ती शेजारच्या जिवाणूला देऊ शकतो, अगदी वेगळ्या जातीच्या जिवाणूलाही. बाप-लेकाचे नाते लागत नाही, शेजार पुरतो. जिवाणूंना ना हेतू असतो ना परंपरा, तेव्हा तुलना फार ताणू नये. पण आतड्यातल्या निरुपद्रवी ई. कोलायने विनाकारण घेतलेल्या गोळ्यांच्या काळात टिकून राहिलेली युक्ती उद्या एखाद्या घातक जंतूच्या हाती जाऊ शकते, हे मात्र शब्दशः खरे आहे.

यावर उपाय म्हणून नवी औषधे हवीत असे नेहमी म्हटले जाते. हवीतच. पण तालुक्याच्या ठिकाणी कल्चरची सोयच नसेल तर महागडे औषधही अंधारात मारलेला दगड ठरते. एक उबदार पेटी, आगरच्या बशा, प्रशिक्षित तंत्रज्ञ आणि नमुना वेळेत पोचवणारी व्यवस्था एवढ्यावर पुष्कळ काम होते. नमुना जिल्ह्याला पाठवायचा तर लघवी दोन तासांत पोचायला हवी, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवायला हवी. एसटीच्या डिकीत दुपारभर तापलेल्या बाटलीत वाढलेले जंतू रुग्णाचे नसतात, प्रवासाचे असतात. मोठी रुग्णालये वर्षभराचे रिपोर्ट एकत्र करून आपल्या भागात कोणता जंतू कोणत्या औषधाला दाद देतो याचा तक्ता बनवतात. तो तक्ता आसपासच्या खासगी डॉक्टरांपर्यंत पोचला तर पहिल्या दिवशीचा अंदाजही पुष्कळ नेमका होईल.

रुग्णाच्या हातातही काही गोष्टी आहेत. लघवीचा नमुना देताना आधी जागा पाण्याने धुऊन, पहिली धार सोडून मधली धार निर्जंतुक बाटलीत धरावी. घरची जॅमची बाटली चालत नाही. थुंकी म्हणजे खोल खोकून काढलेला बेडका, तोंडातली लाळ नव्हे. आधी कोणत्या गोळ्या घेतल्या हे लपवू नये, रिकामी पट्टी सोबत आणावी. आणि कल्चरमध्ये जंतू निघाला म्हणजे दरवेळी औषध लागतेच असेही नाही. वयस्कर स्त्रियांच्या किंवा लघवीची नळी लावलेल्या रुग्णांच्या लघवीत जंतू असतात आणि त्रास काहीच नसतो. अशा वेळी गर्भवती किंवा शस्त्रक्रियेसारखे काही अपवाद सोडले तर उपचाराची गरज नसते. जळजळ नाही, ताप नाही, तरी नातवाने रिपोर्ट मोबाइलवर वाचून "आजीला इन्फेक्शन आहे, इंजेक्शन द्या" असा आग्रह धरला, तर डॉक्टरने नाही म्हणायला हवे आणि नातवाने ते ऐकायला हवे.

डिस्चार्ज मिळाला की कल्चरचा कागद बहुधा बिलांच्या गठ्ठ्यात हरवतो. तो जपून ठेवावा. पुढच्या वेळी संसर्ग झाला तर नवे कल्चर येईपर्यंतचे दोन-तीन दिवस डॉक्टर त्या जुन्या कागदावरच्या एस आणि आरकडे पाहूनच पहिले औषध निवडतात.